दोन फुप्फुसांमधली वस्ती

गळ्याच्या तळाशी, दोन कॉलरबोनच्या मधे जो खळगा असतो तिथं बोट ठेवा आणि छातीच्या हाडावरून सरळ खाली न्या. दोनेक इंचांवर बोटाला एक आडवा उंचवटा लागेल. हडकुळ्या माणसाच्या छातीवर तो नुसता दिसतोसुद्धा, अंगाने भरलेल्याला जरा दाबून शोधावा लागतो. या उंचवट्याच्या दोन्ही टोकांना दुसरी बरगडी येऊन जुळते. पहिली बरगडी कॉलरबोनमागे दडलेली असल्यामुळे नीट हाताला लागत नाही, म्हणून डॉक्टर बरगड्या मोजायला इथूनच, म्हणजे दोनपासून, सुरुवात करतात. स्टेथोस्कोप कुठं टेकवायचा, ईसीजीच्या तारा कुठं चिकटवायच्या, हे सगळं या उंचवट्यावरून ठरतं.

त्या उंचवट्यापासून पाठीपर्यंत एक आडवा छेद घेतला, तर तो मागे छातीच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीला जाऊन भिडतो. एवढ्या एका पातळीवर केवढी गडबड चाललेली असते! हृदयातून निघालेल्या महाधमनीची कमान इथं सुरू होते, मागे वळते आणि पुन्हा याच पातळीला येऊन संपते. श्वासनलिका इथंच दुभंगते. शरीरातली सगळ्यात मोठी लसीकावाहिनी याच सुमाराला उजवी बाजू सोडून डावीकडे सरकते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न ठेवलेलाच, आणि मुलं तो घोकून जातात. जिवंत माणूस उभा राहिला, त्याने खोल श्वास घेतला, की यातलं बरंच काही खाली सरकतं, हे मात्र मृतदेहावर शिकलेल्यांना पुढे वॉर्डात गेल्यावर उमगतं.

दोन फुप्फुसांच्या मधला, पुढे छातीच्या हाडापासून मागे मणक्यांपर्यंत आणि वर मानेच्या मुळापासून खाली श्वासपटलापर्यंतचा हा मधला कप्पा. डॉक्टर त्याला मिडियास्टायनम म्हणतात. मघाच्या छेदाने त्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग पडतात. खालच्यात हृदय आपल्या पिशवीसह मधोमध बसलेलं असतं. त्याच्या पुढची जागा चिंचोळी, चरबीने भरलेली, आणि मागच्या जागेत अन्ननलिका, खाली उतरणारी महाधमनी, काही शिरा आणि मज्जातंतू. पुस्तकात हे चार भाग वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले असतात. प्रत्यक्षात त्यांच्यामधे एकही भिंत नाही. आहे ती सैल, जाळीदार ऊती, आणि ती सैलच असावी लागते. घास गिळताना अन्ननलिका फुगते, दर ठोक्याला महाधमनी ताणते, श्वासागणिक श्वासनलिका वरखाली होते. हे सगळं पक्क्या चिरेबंदीत जमलं नसतं.

या सैलपणाची किंमत आजारपणात मोजावी लागते. जुन्या चाळीत वरच्या बिऱ्हाडाचा नळ गळतो आणि ओल खालच्या बिऱ्हाडाच्या भिंतीवर उमटते, तसा इथला कारभार आहे. तक्रार एकाची असते, दुखणं दुसऱ्याचं. आवाज बसतो आणि दोष हृदयात निघतो. पापणी मिटते आणि गाठ छातीत सापडते. या कप्प्याची रचना समजून घ्यायची ती यासाठी. नुसती नावं पाठ करायची असतील तर त्यात फारसं हशील नाही.

आवाजापासूनच सुरुवात करू. स्वरयंत्राला हलवणारा डावा मज्जातंतू मेंदूकडून मानेतून खाली येतो, स्वरयंत्राच्या शेजारून जातो, पण तिथं थांबत नाही. तो थेट छातीत उतरतो, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या बेचक्यातून पुन्हा वर चढून स्वरयंत्रात शिरतो. उजव्या बाजूचा तंतूही वळसा घेतोच, पण वरच्या वर, उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून. एवढ्याशा अंतरासाठी हा द्राविडी प्राणायाम कशाला, याचं उत्तर गर्भात आहे. गर्भाचं हृदय सुरुवातीला मानेच्या जागी असतं आणि त्यातून निघणाऱ्या धमन्यांच्या कमानी माशाच्या कल्ल्यांना जाणाऱ्या धमन्यांसारख्या एकाखाली एक रचलेल्या असतात. तेव्हा हा तंतू सहाव्या कमानीखालून सरळ, जवळच्या वाटेने आपल्या ठिकाणी जातो. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं आणि कमानीत अडकलेला तंतू तिच्याबरोबर खाली ओढला जातो. उजवीकडची ती कमान पुढे नाहीशी होते, म्हणून तिकडचा तंतू सुटून वरच्या कमानीला अडतो. जिराफातही हीच व्यवस्था आहे. तिथं डावा तंतू छातीपर्यंत जाऊन परत येताना चार मीटरहून अधिक प्रवास करतो, आणि तेही काही इंचांवरच्या स्वरयंत्रासाठी.

हा तंतू पहिल्यांदा प्रसिद्धीला आला तो डुकरामुळे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने रोममध्ये जमलेल्या लोकांसमोर एका जिवंत, किंचाळणाऱ्या डुकराच्या मानेतले हे तंतू बंद केले आणि डुक्कर धडपडत राहिलं, पण त्याचा आवाज गेला. आवाज हृदयातून निघतो असं मानणाऱ्या पंडितांना हे उत्तर होतं. प्रयोग क्रूर होता, पण मेंदूचा आवाजावर ताबा असतो हे त्याने सिद्ध झालं.

१८९७ मध्ये व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनरने हृदयाच्या डाव्या बाजूची झडप आकसलेले काही रुग्ण पाहिले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता, कारण डावी स्वरतंत्री लुळी पडली होती. फुगलेला डावा कर्णिका-कप्पा तंतूवर दाब देत असावा, असा त्याचा तर्क. पुढे लक्षात आलं की फुगलेली फुप्फुसधमनी वर सरकते आणि महाधमनीवर रेटून तंतूला चिमटीत धरते. आपल्याकडे हे नुसतं पुस्तकी राहत नाही. लहानपणी घसा सुजतो, पूर्ण औषध होत नाही, संधिवाताचा ताप येतो आणि विशीत-तिशीत झडप आकसते, असे रुग्ण आजही सरकारी इस्पितळांच्या हृदयरोग विभागात दिसतात. डाव्या फुप्फुसाच्या मुळाशी झालेला कर्करोगही याच तंतूला याच जागी गाठतो. म्हणून सर्दी-खोकला नसताना आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसून राहिला, तर मध-हळदीवर भागवू नये. स्वरतंत्री दाखवून घ्याव्यात, आणि डावी लुळी निघाली तर छातीचा सीटी स्कॅन करायला मागेपुढे पाहू नये.

अन्ननलिकेचं शेजारपण आणखी निकटचं. ही सुमारे २५ सेंटिमीटरची नळी. पुढच्या दातांपासून मोजलं तर १५ सेंटिमीटरवर ती सुरू होते, २५च्या सुमाराला महाधमनीच्या कमानीने आणि डाव्या श्वासवाहिनीने दाबली जाते, ४०च्या आसपास जठराला मिळते. एंडोस्कोपी करणाऱ्यांच्या नळीवर हे आकडे छापलेलेच असतात. लहान मुलाने गिळलेली वस्तू अडकते ती बहुधा या चिंचोळ्या जागांवर, त्यातही अगदी वरच्या. नाणं असेल तर थोडी सवड असते. घड्याळातला किंवा रिमोटमधला चपटा, गोल सेल असेल तर नसते. तो दोन तासांत अन्ननलिका भाजून काढू शकतो, आणि ती भोकाळली की शेजारी श्वासनलिका आहे, महाधमनी आहे. केळं खाऊ घालून वाट पाहण्याचा घरगुती उपाय इथं करू नये.

याच शेजाराचा डॉक्टरांनी फायदाही करून घेतला. अन्ननलिकेच्या लगेच पुढे हृदयाचा डावा वरचा कप्पा टेकलेला असतो, मधे फारसं काही नाही. एकोचे दिवस यायच्या आधी रुग्णाला बेरियमचा पांढरा घोट पाजून एक्स-रे काढत. अन्ननलिका मागे वाकलेली दिसली, की तो कप्पा फुगलाय हे कळे. आता तोंडातून बारीक नळी आत सोडून तिच्या टोकाच्या सोनोग्राफीने हृदय मागच्या बाजूने पाहतात. मधे बरगडी नाही, फुप्फुसातली हवा नाही. पक्षाघात झालेल्याच्या हृदयात रक्ताची गुठळी दडली आहे का, हे या खिडकीतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं छातीवरून दिसत नाही.

अन्ननलिकेची एक उणीव मात्र भरून निघत नाही. आतड्यांना बाहेरून जे चिवट, गुळगुळीत आवरण असतं, ते छातीतल्या अन्ननलिकेला नाही. तिचा कर्करोग चटकन शेजाऱ्यांत घुसतो आणि शिवलेले टाके नीट धरत नाहीत, त्याला हे एक कारण. ती फाटली तर काय होतं, याची पहिली सविस्तर नोंद लायडनच्या हरमन बुरहावेने १७२४ मध्ये छापली. डच नौदलाचे सरदार यान फान वासेनार यांनी मेजवानी झोडली होती आणि अस्वस्थ वाटू लागल्यावर, सवयीप्रमाणे, ओकारीचं औषध घेतलं होतं. जोराची उमळ आली आणि छातीत काहीतरी फाटल्याची असह्य वेदना झाली. दुसऱ्या दिवशी ते गेले. बुरहावेने शव उघडलं तेव्हा छातीत द्रव साचलेला होता आणि त्याला भाजलेल्या बदकाचा वास येत होता.

बाहेरून येणारे पाहुणेही या कप्प्यात शिरतात, आणि त्यांची वाट मानेतून असते. मानेतले घशामागचे थर थेट छातीत उतरतात, मधे दार नाही. त्यातल्या एका थराला शरीररचनेच्या पुस्तकांत धोक्याची जागा असंच नाव आहे, आणि तो श्वासपटलापर्यंत जातो. खालची दाढ किडते, मुळाशी पू होतो. दाढेच्या मुळांची टोकं जबड्याच्या एका स्नायूच्या खाली उतरलेली असतात, त्यामुळे पू तोंडात फुटण्याऐवजी मानेत जातो, मानेतून घशामागे आणि तिथून खाली. गुरुत्वाकर्षण त्याला खाली नेतं, प्रत्येक श्वासाबरोबर छातीत होणारी पोकळी त्याला आत ओढते. मधुमेह ताब्यात नसेल तर हा प्रवास दोन-चार दिवसांत होतो. छाती उघडून पू धुऊन काढला तरी यातले अनेक रुग्ण दगावतात. दाढ दुखते म्हणून लवंग धरून बसलेल्या माणसाची जबड्याखालची सूज मानेत उतरू लागली, गिळताना त्रास झाला, ताप चढला, तर ते काम दंतवैद्याच्या पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटचं नाही.

या वस्तीतला सगळ्यात दुर्दैवी रहिवासी कोण असेल तर थायमस. छातीच्या हाडाच्या लगेच मागे, महाधमनीच्या पुढ्यात ही दोन पाळ्यांची मऊ ग्रंथी असते. बाळाच्या एक्स-रेत ती अंगाच्या मानाने भली मोठी दिसते. वयात येईपर्यंत वाढते आणि मग हळूहळू चरबीत विरत जाते. म्हाताऱ्यांच्या छातीत तिचा माग काढावा लागतो. काम काय, हे विसाव्या शतकाचा अर्धा भाग उलटेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण कामाचा पत्ता नसलेल्या अवयवाला गप्प बसू देतील ते डॉक्टर कसले! धडधाकट बाळ अचानक दगावलं की शवविच्छेदनात मोठी थायमस दिसे, आणि तिने श्वासनलिका दाबली असा निष्कर्ष निघे. १९०७ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या आल्फ्रेड फ्रीडलँडरने मोठी थायमस एक्स-रे किरणांनी आकसवून दाखवली. पुढची काही दशकं हजारो निरोगी बाळांच्या छातीवर, पुढे काही होऊ नये म्हणून, किरणं सोडली गेली. किरणांच्या झोतात वरची थायरॉइड ग्रंथीही येत होती. त्यातल्या काही मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला, आणि हा संबंध १९५०च्या सुमाराला उघड झाला.

चूक कुठं झाली? मोठी थायमस मुळात मोठी नव्हतीच, ती नेहमीसारखी होती. शरीररचनेच्या वर्गात येणारे मृतदेह गोरगरिबांचे असत. इंग्लंडच्या १८३२च्या कायद्याने तर गरीबगृहांत मरण पावलेल्या बेवारस गरिबांची प्रेतंच विच्छेदनाला दिली जात. कुपोषण, दीर्घ आजार, हालअपेष्टा यांनी थायमस झपाट्याने आकसते. त्या आकसलेल्या ग्रंथीचं वजन पुस्तकात 'सामान्य' म्हणून लिहिलं गेलं, आणि घास तोंडात असताना गेलेल्या गुटगुटीत बाळाची निरोगी ग्रंथी रोगट ठरली. वैद्यकाच्या इतिहासात गरिबीचा हिशेब इतका उलटा लागल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

१९६१ मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या जॅक मिलरने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. ते उंदीर परक्या उंदराची कातडी बिनतक्रार स्वीकारू लागले आणि साध्या जंतुसंसर्गाने मरू लागले. शरीराच्या संरक्षक पेशींची शाळा सापडली होती. टी-पेशींमधला टी हा थायमसचाच. या शाळेत बहुतेक विद्यार्थी नापास होतात आणि नापास झालेल्यांना मारून टाकलं जातं, कारण ते आपल्याच शरीरावर उलटले असते. ही गाळणी बिघडली तर काय होतं, ते मायस्थेनिया या आजारात दिसतं. संध्याकाळपर्यंत पापण्या मिटतात, एकाचे दोन दिसतात, चावता चावता जबडा थकतो. अशा रुग्णांपैकी १० ते १५ टक्क्यांच्या छातीत थायमसची गाठ असते. म्हणून पापणीच्या तक्रारीसाठी गेलेल्याला न्यूरोलॉजिस्ट छातीचा सीटी स्कॅन करायला सांगतो, तेव्हा तो पैसे काढत नसतो. १९३६ मध्ये आल्फ्रेड ब्लेलॉकने मायस्थेनिया असलेल्या एका तरुणीची अशी गाठ काढली आणि ती सुधारली, तेव्हापासून या शस्त्रक्रियेची वाट खुली झाली.

मोठ्या माणसात थायमस निरुपयोगी, असं मात्र अजूनही सर्रास मानतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेत ती वाटेत येते म्हणून काढूनही टाकतात. २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी थायमस काढलेल्या प्रौढांची तुलना हृदयाची तशीच शस्त्रक्रिया होऊनही ती शाबूत राहिलेल्यांशी केली. पाच वर्षांत पहिल्या गटातले मृत्यू जवळपास तिप्पट आणि कर्करोग दुप्पट निघाले. अशा तुलनेतून कार्यकारणभाव पक्का होत नाही. पण हात आवरायला एवढं पुरेसं आहे.

लसीकावाहिनीचं थोडक्यात. पोटातून महाधमनीच्या आडोशाने ती छातीत शिरते, मघाच्या उंचवट्याच्या पातळीवर डावीकडे सरकते आणि मानेच्या मुळाशी डाव्या बाजूच्या शिरेत रिकामी होते. जेवणातली चरबी हिच्यातून रक्तात जाते, म्हणून तुपाच्या जेवणानंतर हिच्यातला रस दुधासारखा पांढरा असतो. फ्रान्सच्या झां पेकेने कुत्र्यात ती शोधल्याचं १६५१ मध्ये छापलं. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत ती नकळत कापली गेली तर छातीतल्या नळीतून पांढरा द्रव येऊ लागतो. ती आधीच ओळखू यावी म्हणून काही सर्जन रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी मलई पाजतात. आणि जठराचा कर्करोग हिच्याच वाटेने वर चढून डाव्या कॉलरबोनमागे गाठ होऊन बसतो. जर्मन डॉक्टर विरखोने एकोणिसाव्या शतकात दाखवलेली ही खूण, पोटाचे डॉक्टर आजही मान चाचपून शोधतात.

आता उरतात त्या गाठी, ज्यांच्यामुळे सामान्य वाचकाला मिडियास्टायनम हा शब्द पहिल्यांदा भेटतो, तोही सीटी स्कॅनच्या रिपोर्टात. श्वासनलिकेच्या दुतर्फा आणि दुभंगाखाली लसीकाग्रंथींची रांग असते. तिला ठिकाणाप्रमाणे क्रमांक आहेत, दुभंगाखालची सातवी. फुप्फुसाच्या कर्करोगात त्याच बाजूच्या ग्रंथी बाधित झाल्या तर शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो, पलीकडच्या झाल्या तर बहुधा नाही. म्हणजे एका क्रमांकावर सगळा बेत फिरतो.

पाश्चात्त्य पुस्तकं या ग्रंथी मोठ्या दिसल्या, पेट स्कॅनमध्ये उजळल्या, की कर्करोगाकडे बोट दाखवतात. आपल्याकडे तसं करून चालत नाही. क्षयाच्या गाठीही तितक्याच मोठ्या होतात आणि तितक्याच उजळतात. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांच्या ग्रंथी काजळीने काळ्या आणि टणक झालेल्या असतात. सारकॉइडोसिस हा आजार तिसरा दावेदार. त्यामुळे नुसत्या चित्रावरून 'पसरलाय' असं ठरवून शस्त्रक्रिया नाकारणं हा रुग्णावर अन्याय होतो, आणि नुसत्या अंदाजाने सहा महिने क्षयाची औषधं चालू ठेवणं हाही. गाठीचा तुकडा हातात यायलाच हवा.

तिथवर पोचणं एके काळी सोपं नव्हतं. १८९७ मध्ये कैरोत हर्बर्ट मिल्टनने छातीचं हाड उभं चिरून हा कप्पा उघडला, तेही क्षयाच्या गाठींसाठीच. ती वाट मग विसरली गेली आणि १९५०च्या दशकात हृदयशस्त्रक्रियेसाठी पुन्हा रुळली. त्याच वाटेने फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगात असं प्रत्यारोपण पहिल्यांदा होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. बायपास झालेल्यांना खोकताना उशी छातीशी कवटाळायला सांगतात ती याच उभ्या चिरेसाठी. तारांनी बांधलेलं हाड जुळायला दीड-दोन महिने लागतात.

नुसत्या गाठीसाठी एवढी चिरफाड नको म्हणून १९५९ मध्ये स्वीडनच्या एरिक कार्लेन्सने गळ्याच्या खळग्यात लहानशी चीर देऊन श्वासनलिकेच्या पुढून नळी खाली सरकवली. आता चीरही लागत नाही. गुंगी देऊन दुर्बीण श्वासनलिकेत उतरवतात, तिच्या टोकाच्या सोनोग्राफीत भिंतीपलीकडची गाठ आणि शेजारची रक्तवाहिनी वेगवेगळी दिसते, आणि बारीक सुई भिंतीतूनच सातव्या क्रमांकाच्या गाठीत जाते. रुग्ण बहुधा त्याच संध्याकाळी घरी जातो. नमुन्याचे दोन वाटे मात्र आठवणीने करायला सांगावेत: एक पेशी तपासणीला, दुसरा क्षयाच्या जीनएक्सपर्ट आणि कल्चरला. सगळाच नमुना पेशी तपासणीच्या फॉर्मलिनच्या बाटलीत पडला तर त्यातून जंतू वाढवता येत नाहीत आणि सुई पुन्हा टोचावी लागते. जीनएक्सपर्टचं उत्तर चालू यंत्रावर दोन तासांत मिळतं, कल्चरला सहा आठवडेही लागू शकतात.